डोळा चांगला, चष्मा बरोबर, तरी दिसत का नाही?

पत्र : ताई, मी दारव्हा तालुक्यातली. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलगी सहा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. शाळेत आरोग्य पथक आलं होतं. त्यांनी एकेक डोळा झाकून तपासलं तर उजव्या डोळ्याने तिला वरच्या दोन-तीन ओळींच्या खालचं काही वाचता येईना. आमचा विश्वासच बसला नाही, कारण आभाळातलं विमान आमच्या आधी तिलाच दिसतं. यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू नाही, पडदा चांगला, नस चांगली, असं ते म्हणाले. उजव्याला प्लस पाच आणि डाव्याला प्लस एकचा चष्मा दिला. दीड-दोन महिने चष्मा लावून पुन्हा गेलो, तरी उजव्या डोळ्याने ६/२४ च दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसणारं अक्षर तिला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. आता म्हणतात, चांगल्या डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावा. सासूबाई म्हणतात, ‘बऱ्या डोयाले पट्टी लावून पोरीले आंधयी करता का?’ आमचे मालक म्हणतात, सध्या वेचणीची घाई आहे, कापूस घरात आला की उन्हाळ्यात पाहू. डोळा चांगला, चष्मा बरोबर, मग दोष आहे कुठे? आणि थांबलं तर चालेल का? धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे.

उत्तर :

ताई, थांबू नका. पट्टी या आठवड्यातच सुरू करा. डॉक्टरांनी तुम्हाला योग्य तेच सांगितलं आहे, फक्त त्यामागचं कारण सांगायचं राहून गेलं. लेकीचा चांगला डोळा रोज झाकून ठेव असं एखाद्या आईला सांगायचं असेल, तर तिला त्याचं कारण पूर्ण समजलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सासूबाईंचा प्रश्नही रास्त आहे. त्यांना ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणून गप्प करू नका. हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या दुखण्याला डॉक्टर अँब्लिओपिया म्हणतात, बोलीत ‘आळशी डोळा’. मला हे नाव आवडत नाही, कारण त्यात त्या डोळ्यावर विनाकारण आळ येतो. तुमच्या मुलीचा उजवा डोळा आपलं काम करतोय. त्याचं ऐकणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी पडल्या आहेत.

उजेड बुबुळातून आत शिरून डोळ्याच्या मागच्या भिंतीवरच्या पडद्यावर पडतो. त्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. शलाका पेशी एका डोळ्यात दहा कोटींच्या आसपास असतात आणि त्या अंधुक उजेडात काम करतात. शंकू पेशी पन्नास-साठ लाख असतात. रंग आणि बारीक अक्षरं त्यांच्यामुळे दिसतात. या पेशींची एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. अंधारात त्या सतत एक रसायन सोडत असतात आणि उजेड पडला की ते सोडणं कमी करतात. पुढच्या पेशींना उजेडाची खबर मिळते ती या कमी होण्यातून.

आता हिशेब पाहा. टिपणाऱ्या पेशी दहा कोटींवर, आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे सगळंच्या सगळं मेंदूला कळवणं शक्यच नाही. निवड पडद्यातच होते. या निवडीची रीत १९५३ मध्ये स्टीफन कुफलर यांनी मांजराच्या डोळ्यावर काम करून दाखवली. ज्यांच्या तंतूंची मिळून ती नस बनते, त्या पेशींपैकी प्रत्येकीला पडद्याचा एक छोटा गोल तुकडा नेमून दिलेला असतो. काही पेशी त्या गोलाच्या मध्यावर उजेड पडला की जोरात संदेश देतात आणि कडेवर पडला की गप्प होतात. काहींचं याच्या उलट असतं. पूर्ण गोलावर सारखाच उजेड पडला तर दोन्ही बाजू एकमेकींना जवळपास खोडून काढतात. म्हणून पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगाबद्दल या पेशी फारसं बोलत नाहीत, पण त्या ढिगावर वाळकी पाती पडली असेल तर तिच्या कडेपाशी त्यांची धांदल उडते. जिथे फरक आहे, तिथलीच बातमी पुढे जाते.

ही नस मेंदूच्या तळाशी दुसऱ्या डोळ्याच्या नसेला भेटते आणि तिथे निम्मे-अधिक तंतू बाजू बदलतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा भाग दोन्ही डोळ्यांकडून मेंदूच्या उजव्या अर्ध्यात येतो आणि उजवा भाग डाव्या अर्ध्यात. मग थॅलॅमस नावाच्या भागात एक थांबा असतो. तिथे सहा थर आहेत आणि प्रत्येक थर एकाच डोळ्याचं ऐकतो. इथवर दोन्ही डोळ्यांचा कारभार वेगळा चालतो. तिथून संदेश डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या वरच्या पापुद्र्यात पोचतात, आणि तिथे पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांचा माल एकाच पेशीकडे येतो.

गोठ्यातल्या बैलाकडे पाहा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून बाजूने किंवा तिरकं मागून कोण येतंय तेही त्याला कळतं, पण दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा भाग त्याच्याकडे थोडा असतो. माणसाचे आणि मांजराचे डोळे समोर असतात. दोन डोळ्यांतली चित्रं किंचित वेगळी असतात, आणि तो फरक मोजून मेंदू एखादी वस्तू किती जवळ किती लांब ते ठरवतो. त्यासाठी दोन्ही डोळ्यांचं ऐकणाऱ्या पेशी हव्यात. तुमच्या मुलीच्या डोक्यात नेमक्या याच ठिकाणी बिनसलं आहे.

हे ठिकाण जगाला समजावून दिलं डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला ते भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज लाउडस्पीकरवर ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका एका यंत्रातून मांजराच्या डोळ्यातल्या पडद्यावर पाडून इकडेतिकडे फिरवून पाहिला, पण पेशी काही केल्या बोलेना. तासन्‌तास गेले. मग काचपट्टी यंत्रात सरकवताना एकदम पेशी तडतडायला लागली, मशिनगनसारखी. ठिपक्याचा यात काही संबंध नव्हता. काचपट्टी आत सरकताना तिच्या कडेची बारीकशी सावली पडद्यावरून जायची, आणि पेशी त्या सावलीच्या रेषेला प्रतिसाद देत होती. रेषा ठरावीक कोनात तिरपी असली तरच ती बोलायची. कोन बदलला की चूप. शेजारची पेशी दुसऱ्या कोनाची. पुढे कळलं की मेंदूच्या या भागात कोनवार पेशींचे गट शिस्तीत मांडलेले आहेत, आणि त्यांना आडवे छेदणारे आलटूनपालटून पट्टे आहेत, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. तिथल्या रेषा-कडांपासून पुढे आकार, चेहरे आणि हालचाल ओळखली जाते. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

मेंदू किती काही आपल्या पदरचं भरतो हे घरातल्या सगळ्यांना दाखवायचं असेल तर एक कागद घ्या. डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर हरभऱ्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हळूहळू डोळ्याजवळ आणा. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होतो. जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून ते घडतं. पण त्या जागी काळं भोक दिसत नाही, पांढरा कागद दिसतो. तो मेंदूने भरलेला असतो. मुलीवर हा प्रयोग करू नका, मोठ्यांनी करा. मालकांना तर जरूर करायला लावा.

आता मूळ मुद्दा. १९६३ मध्ये याच दोघांनी मांजराच्या पिलाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी उघडल्या. हे वाचताना मला अजूनही बरं वाटत नाही, पण त्यातून जे कळलं त्यावर आज लाखो मुलांचे उपचार उभे आहेत. उघडलेला डोळा तपासला तर पडदा ठीक, बाहुली उजेडाला लहान होत होती. पण मेंदूतल्या पेशींना विचारलं तर त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. चांगला डोळा झाकला की ते पिलू आंधळ्यासारखं वागायचं. ‘पडदा चांगला, नस चांगली, तरी दिसत नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य तिथे जसंच्या तसं लागू होतं. मोठ्या मांजराचा डोळा असाच बंद ठेवला, तर मात्र काहीही बिघडलं नाही. पिलाचं वय चार-पाच आठवड्यांचं असताना तर तीन-चार दिवस डोळा बंद ठेवणंही पुरलं. म्हणजे मेंदूच्या जडणघडणीत एक नाजूक काळ असतो आणि जे काही व्हायचं ते त्या काळात होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांना पुढे दिसली. दोन्ही डोळे बंद ठेवले तर नुकसान आणखी मोठं व्हायला हवं होतं. झालं उलट, पुष्कळ पेशी डोळ्यांचं ऐकत राहिल्या. म्हणजे एक डोळा नुसता बंद राहिल्याने पेशी जात नाहीत, दुसरा उघडा असल्यामुळे जातात. तुमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, होतं तसंच हे. शेजारचं वावर पडीक दिसलं की दरवर्षी धुरा थोडा थोडा कोरला जातो, आणि काही वर्षांनी मोजणी केली की कळतं किती जमीन गेली. चांगल्या डोळ्याचे तंतू मेंदूतल्या कमजोर डोळ्याच्या पट्ट्यात असेच घुसत जातात.

तुमच्या मुलीचा डोळा कोणी शिवला नाही, मग तिच्या बाबतीत काय झालं? तिच्या डाव्या डोळ्याला प्लस एक आणि उजव्याला प्लस पाच. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, ते फुगवून त्यांना प्लसचा नंबर झाकता येतो. पण दोन्ही भिंगं एकदम आणि सारखीच फुगतात. डाव्याला थोडा जोर पुरतो, आणि डाव्याला स्पष्ट दिसलं की मेंदू तिथेच थांबतो. उजव्याला आणखी चार नंबरचा जोर हवा होता, तो कधी मिळालाच नाही. जन्मापासून उजव्या डोळ्याकडून मेंदूला फक्त अंधुक चित्र आलं. अंधुक चित्रात कडा नसतात, आणि त्या पेशी तर कडांवरच जगतात. त्यांनी डाव्याची बाजू धरली. डोळा तिरळा नसल्यामुळे बाहेरून काहीच दिसलं नाही, आणि विमान ती डाव्या डोळ्याने पाहत राहिली. तुम्ही यात कुठेही चुकला नाहीत. एकेक डोळा झाकून पाहिल्याशिवाय हे आईबापाला कळतच नाही.

चष्म्याने आता उजव्या डोळ्याच्या पडद्यावर चित्र स्पष्ट पडतंय. काही मुलांची नजर एवढ्यानेच भरून येते, म्हणून डॉक्टर आधी काही आठवडे नुसता चष्मा लावून पाहतात. तुमच्याही डॉक्टरांनी तेच केलं. आता गेलेली जमीन परत घ्यायची आहे आणि त्यासाठी डाव्या डोळ्याचा जोर काही वेळ थांबवावा लागतो. पिलांमध्ये हेही तपासून झालं आहे : बंद डोळा उघडून चांगला डोळा बंद केला, आणि हे त्या नाजूक काळात केलं, तर पेशी पुन्हा पहिल्या डोळ्याकडे वळतात. पट्टीचा उपाय तर त्याच्याही फार आधीचा आहे. १७४३ मध्ये बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तिरळ्या मुलांचा चांगला डोळा झाकण्याचा सल्ला लिहून ठेवला होता. त्याला पेशींबद्दल काहीच माहीत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. दिवसच्या दिवस पट्टी ठेवली आणि तपासणीला गेलंच नाही, तर चांगल्या डोळ्याची नजर कमी होऊ शकते. पण हे क्वचित होतं, दोन तासांच्या पट्टीत त्याचा धोका फार कमी असतो, आणि झालंच तर बहुधा पट्टी थांबवल्यावर नजर परत येते. म्हणूनच डॉक्टर दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासतात. ती तारीख चुकवू नका. आणि हौसेने दोनाचे चार तास करू नका. २००३ मध्ये अमेरिकेत सात वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, तुमच्या मुलीएवढी नजर असलेल्यांना दोन तासांच्या पट्टीने सहा तासांइतकाच फायदा झाला होता.

आता उन्हाळ्याचं. तिचं वय सहा आहे. सात वर्षांच्या आत उपचाराचा परिणाम सगळ्यात चांगला होतो. सात ते बाराच्या मुलांमध्येही सुधारणा होते, पण कमी आणि सावकाश. तेरा-सतराच्या वयातही काहींना फायदा झाल्याचं २००५ मध्ये दिसलं, म्हणून या वयाच्या मुलांच्या आईबापांनीही डोळे तपासून घ्यावेत, ‘आता वेळ गेली’ म्हणून सोडून देऊ नये. आपल्याच देशात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमाने जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांच्या शस्त्रक्रिया मोठ्या वयात केल्या, आणि ती मुलंही बरंच काही पाहायला शिकली, मात्र नजरेची धार पूर्ण आली नाही. तुमच्या हातात आज जी संधी आहे ती चांगल्यातली चांगली आहे, आणि दर महिन्याला ती थोडी कमी होत जाणार. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पंचेचाळीस अंशात घामाने पट्टी चिकटणार नाही आणि गालावर पुरळ येईल. हे काम थंडीतच सोपं.

पट्टी चिकटणारी घ्या, मेडिकलमध्ये लहान मुलांची मिळते. ती थेट कातडीला चिकटवायची आणि वरून चष्मा घालायचा. चष्म्याच्या काचेवर फडकं किंवा कागद लावू नका. मुलं नाकाच्या बाजूने हमखास डोकावतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते. चष्मा मात्र दिवसभर हवा, शाळेतसुद्धा. पट्टी शाळेत लावायची गरज नाही, घरी आल्यावर लावा, म्हणजे कोणी चिडवणार नाही. पहिला आठवडा जड जाईल. तिला खरंच अंधुक दिसणार आहे, ती रडेल, पट्टी ओढेल. तिला रागावू नका. त्या वेळात तिच्या आवडीचं काम द्या : चित्र रंगवणं, मणी ओवणं, ठिपक्यांची रांगोळी, तुरीतले खडे वेचणं. कोणतं काम करते यापेक्षा पट्टी पूर्ण वेळ राहते की नाही हे महत्त्वाचं. पट्टी असताना विहिरीकडे, रस्त्यावर किंवा सायकलवर मात्र जाऊ देऊ नका.

वेचणीच्या दिवसांत तुम्ही शेतात असणार, म्हणून हा कारभार सासूबाईंच्या हाती द्या, असं मी सुचवते. कॅलेंडरवर रोजची खूण त्यांनीच करावी. नातीच्या डोळ्याची त्यांना किती काळजी आहे हे त्यांच्या एका वाक्यातच दिसतं. पट्टी कशासाठी हे एकदा पटलं, तर त्या तुमच्यापेक्षा कडक राहतील.

तिने पट्टी अजिबातच लावू दिली नाही, तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून तो काही काळ अंधुक ठेवण्याचाही उपाय आहे आणि अनेक मुलांत तो पट्टीइतकाच काम करतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, दुकानातून आणून घालायचं नाही. नजर सुधारल्यावर डॉक्टरांना न विचारता पट्टी एकदम बंद करू नका, कारण काही मुलांची नजर नंतर पुन्हा घसरते. खर्चाची अडचण असेल तर अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मे मोफत मिळतात. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा. यवतमाळ, अकोला आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्र विभाग आहेत, सेवाग्रामलाही आहे.

राहिला धाकटा. बहिणीला असा नंबर असेल तर भावाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्याला अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून थांबू नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून आणि डोळ्यात उजेड पाडून डॉक्टर मुलाला एकही प्रश्न न विचारता नंबर काढू शकतात. मुलीच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यालाही सोबत न्या.